केमोतलं प्लॅटिनम जातं कुठे?

प्लॅटिनम म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? बहुतेकांना सराफाच्या दुकानातलं वेगळं काचेचं कपाट आठवेल, नाहीतर साखरपुड्याची अंगठी. पण घरात कुणाची केमोथेरपी झाली असेल, तर याच धातूशी तुमची दुसरी ओळख झालेली असेल, कदाचित नकळत. फाइलमधल्या कागदावर डॉक्टरांच्या अक्षरात ‘सिसप्लॅटिन’, ‘कार्बोप्लॅटिन’ किंवा ‘ऑक्सॅलिप्लॅटिन’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. या तिन्ही नावांच्या शेवटी जे ‘प्लॅटिन’ आहे, ते म्हणजे प्लॅटिनमच.

आज एकच प्रश्न घेऊया. हे प्लॅटिनम शिरेतून आत गेल्यावर पुढे जातं कुठे?

‘कुठे म्हणजे काय, कॅन्सरच्या गाठीत!’ असं तुम्ही म्हणाल. पण रक्तात उरणारं बहुतेक प्लॅटिनम काही तासांतच रक्तातल्या प्रथिनांना, म्हणजे प्रोटीन्सना, घट्ट चिकटून बसतं. बरंचसं लघवीतून बाहेर जातं. गाठीच्या पेशीत शिरून खरं काम करतो तो अगदी थोडा भाग. ही एक गोष्ट नीट समजली, की केमोच्या दिवशीच्या कितीतरी कंटाळवाण्या वाटणाऱ्या गोष्टींचा अर्थ लागतो. तासन्‌तास चालणारं सलाईन, दर वेळची किडनीची तपासणी, ‘पाणी पीत राहा’ हा धोशा, मधूनच कानाची तपासणी. यातली एकही गोष्ट उगाच नसते.

मी विज्ञान शाखेची नाही, माझं बी.ए. इंग्रजीत झालंय. त्यामुळे घरच्यांना सांगावं तसंच तुम्हाला सांगते.

कोपर्निकस आणि मधली जागा

दिल्लीत मंडी हाऊसच्या गोल चौकातून इंडिया गेटकडे जो रस्ता जातो, त्याचं नाव कोपर्निकस मार्ग. जुनं महाराष्ट्र सदन याच रस्त्यावर आहे, म्हणून दिल्लीत येणाऱ्या मराठी माणसाच्या तोंडात हे परदेशी नाव सहज बसलेलं असतं. रिक्षावाल्याला पत्ता सांगताना ते नाव आपण घेतो आणि विसरतो.

कोपर्निकस आपल्याला शाळेच्या पुस्तकातून माहीत आहे. पृथ्वी मध्ये नाही, सूर्य मध्ये आहे, असं मांडणारं त्याचं पुस्तक १५४३ मध्ये आलं. पण तो इटलीत पादुआ इथे वैद्यकही शिकला होता आणि पुढे आजारी माणसांवर उपचारही करायचा, हे फारसं कुणी सांगत नाही. त्याच्या नावाच्या रस्त्यावर औषधाचा विषय काढायला म्हणूनच हरकत नाही. शिवाय आपल्या गोष्टीतही मधल्या जागेचाच प्रश्न आहे. सिसप्लॅटिनची गोष्ट सांगताना नेहमी डीएनएला मध्ये ठेवतात. ते चूक नाही, कॅन्सरची पेशी मरते ती मुख्यतः डीएनएवरच्या घावाने. पण औषधाचा प्रवास बघायचा असेल, तर मध्ये ठेवावी लागतात प्रथिनं.

विजेचा प्रयोग, सापडलं औषध

सिसप्लॅटिन हा पदार्थ जुना आहे. इटालियन रसायनशास्त्रज्ञ मिकेले पेरोने यांनी तो १८४४ च्या सुमारास बनवला, तेव्हा कॅन्सरचा विचारही कुणाच्या मनात नव्हता. शंभराहून जास्त वर्षं तो रसायनशास्त्राच्या पुस्तकांतच राहिला.

मग अमेरिकेत मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत बार्नेट रोझेनबर्ग यांनी एक वेगळाच प्रयोग केला. विजेचा जिवाणूंच्या वाढीवर काय परिणाम होतो, हे त्यांना बघायचं होतं. वीज सोडायला त्यांनी प्लॅटिनमच्या पट्ट्या वापरल्या, कारण प्लॅटिनम कशाशी मिसळत नाही असा समज. झालं भलतंच. जिवाणू दुभंगायचे थांबले आणि नुसतेच लांबच लांब दोऱ्यांसारखे वाढत गेले. हे विजेमुळे होत नव्हतं. पट्ट्यांमधलं थोडं प्लॅटिनम द्रावणात उतरलं होतं आणि तिथे त्याची संयुगं तयार झाली होती. १९६५ मध्ये हे छापून आलं. पेशींचं दुभंगणं थांबतंय, तर कॅन्सरवर वापरून बघू, हा विचार पुढे आला. १९६९ मध्ये उंदरांवरचे निकाल आले आणि डिसेंबर १९७८ मध्ये अमेरिकेत सिसप्लॅटिनला औषध म्हणून मंजुरी मिळाली. आज भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत सिसप्लॅटिन, कार्बोप्लॅटिन आणि ऑक्सॅलिप्लॅटिन ही तिन्ही औषधं आहेत.

कॅरमचा बोर्ड डोळ्यांसमोर आणा

सिसप्लॅटिनचा रेणू कसा दिसतो? कॅरमचा बोर्ड आठवा. मध्ये राणीच्या जागी प्लॅटिनमचा एक अणू. चार कोपऱ्यांपैकी एका बाजूच्या दोन कोपऱ्यांत अमोनिया, समोरच्या बाजूच्या दोन कोपऱ्यांत क्लोरीन. सगळं सपाट. ‘सिस’ म्हणजे सारखे दोन एकाच बाजूला. हेच चार तुकडे तिरके, समोरासमोरच्या कोपऱ्यांत बसवले तर ट्रान्सप्लॅटिन तयार होतं, आणि ते कॅन्सरवर औषध म्हणून चालत नाही. माल तोच, मांडणी बदलली की गुण गेला.

अमोनिया आपल्या जागा सहसा सोडत नाहीत. क्लोरीन मात्र सोडतात. कधी सोडतात, ते मिठावर अवलंबून असतं. रक्त खारट असतं, त्यात क्लोराइड भरपूर. त्यामुळे रक्तात असताना क्लोरीनचे बरेचसे तुकडे जागेवर टिकून राहतात. पेशीच्या आत क्लोराइड कितीतरी कमी. तिथे शिरलं की क्लोरीन निघून जातं आणि त्याच्या जागी पाण्याचा रेणू बसतो. पाण्याची पकड सैल असते, त्यामुळे प्लॅटिनमचे ते दोन कोपरे आता जवळजवळ रिकामेच म्हणायचे. जे भेटेल त्याला धरायला ते तयार.

हे औषध मिठाच्या सलाईनमधून देतात, त्यामागचं एक कारण हेच. बाटलीत भरपूर क्लोराइड असलं की रेणू वाटेत बिघडत नाही. आणखी एक बारीक गोष्ट. सिसप्लॅटिनसाठी ॲल्युमिनियमचा भाग असलेली सुई किंवा सेट वापरत नाहीत, कारण औषधाची त्या धातूशी रासायनिक क्रिया होते आणि औषध वाया जातं. केमो देणाऱ्या सिस्टर जेव्हा ठराविकच सेट मागवतात, तेव्हा ती हट्टाची बाब नसते.

गंधकाची ओढ

आता प्रथिनांकडे वळू. चांदीच्या वाटीत उकडलेलं अंडं ठेवलं तर वाटी काळी पडते, हे आजीने सांगितलं असेल. अंड्यातलं गंधक चांदीला धरतं. केस जळला की जो उग्र वास येतो, त्यातही गंधक असतं, कारण केस हे प्रथिनच आहे आणि त्यात गंधक असलेला ‘सिस्टीन’ नावाचा घटक भरपूर असतो.

प्रथिनं म्हणजे अमिनो आम्लांच्या लांब माळा. माळेत वीस प्रकारचे मणी. त्यातल्या दोन मण्यांत गंधक असतं, सिस्टीन आणि मेथिओनीन. अंगठीतलं प्लॅटिनम शांत असतं, ते अंड्याने काळं पडत नाही. पण औषधातलं प्लॅटिनम अंगठीतल्यासारखं सुटं धातूरूप नसतं. ते संयुगात असतं, विद्युतभारित असतं, आणि त्याला गंधकाची जबरदस्त ओढ असते. गंधकाचा मणी भेटला की ते त्याला धरतं. गंधक हाताशी नसेल तर ‘हिस्टिडीन’ नावाच्या मण्यातला नायट्रोजनही चालतो.

हे नुसतं अंदाजाने ठरलेलं नाही. अंड्याच्या पांढऱ्या भागात लायसोझाइम नावाचं छोटं प्रथिन असतं, १२९ मण्यांचं. त्याचे सुंदर स्फटिक करता येतात, म्हणून शास्त्रज्ञ ते फार वापरतात. या स्फटिकांत सिसप्लॅटिन मुरवून क्ष-किरणांनी बघितलं, तेव्हा प्लॅटिनम १५ व्या मण्यावर बसलेलं दिसलं, आणि तो मणी हिस्टिडीन आहे. मग गंधक का नाही धरलं? कारण लायसोझाइममधले आठही सिस्टीन आधीच एकमेकांचे हात धरून बसलेले असतात, चार जोड्यांत. मोकळा हातच नाही, तर धरणार काय!

रक्तातला हमाल

आपल्या रक्तद्रवात सगळ्यात जास्त असलेलं प्रथिन म्हणजे अल्ब्युमिन. ते यकृतात तयार होतं. रक्ताच्या रिपोर्टमध्ये त्याची ओळ तुम्ही बघितली असेल, डेसिलिटरमागे साधारण ३.५ ते ५ ग्रॅम. अल्ब्युमिन हा रक्तातला हमाल. चरबीचे घटक, काही हार्मोन, कितीतरी औषधं पाठीवर घेऊन ते फिरत असतं.

त्याची माळ ५८५ मण्यांची. त्यात ३५ सिस्टीन. चौतीस सिस्टीन सतरा जोड्यांत अडकलेले, आणि एक, ३४ व्या जागेवरचा, एकटा. प्लॅटिनम ज्या जागा धरतं, त्यातली ही एक महत्त्वाची जागा. मेथिओनीनचे मणीही असतातच. शिवाय लोह वाहून नेणारं ट्रान्सफेरीन आणि गॅमा ग्लोब्युलिन ही प्रथिनंही प्लॅटिनमला धरतात.

आता आकडा बघा. सिसप्लॅटिन एकदम टोचलं तर तीन तासांनी, आणि तीन तासांच्या सलाईनमधून दिलं तर ते संपल्यावर दोन तासांनी, रक्तद्रवातलं ९० टक्के प्लॅटिनम प्रथिनांना चिकटलेलं असतं.

बाकी बरीच औषधंही अल्ब्युमिनला चिकटतात, पण ती सुटतातही. हमालाने ओझं घेतलं, पुढच्या स्टेशनवर उतरवलं, तसं. प्लॅटिनमचं तसं नाही. अल्ब्युमिनला चिकटलेलं प्लॅटिनम फारसं सुटतच नाही. ते प्रमाण निम्मं व्हायलाच पाच दिवस किंवा त्याहून जास्त लागतात. आणि एकदा असं अडकलेलं प्लॅटिनम कॅन्सरवर फारसं उपयोगाचं राहत नाही. काम करायचं ते मोकळ्या प्लॅटिनमने, तेही पहिल्या थोड्या वेळात.

पेशीच्या दारात आणि आत

मोकळं राहिलेलं प्लॅटिनम पेशीत शिरतं, तिथेही प्रथिनं भेटतातच. पेशीला तांबं लागतं. ते आत घ्यायला, आतल्या आत पोचवायला आणि जास्तीचं बाहेर टाकायला वेगवेगळी प्रथिनं असतात. त्यांच्यात गंधकाचे मणी भरपूर, त्यामुळे प्लॅटिनमही त्यांना चिकटू शकतं. काही कॅन्सरच्या पेशी प्लॅटिनमला दाद देईनाशा होतात. त्यामागे तांबं बाहेर टाकणारी प्रथिनं वाढणं हे एक कारण असल्याचं संशोधकांना दिसलं आहे.

आत मेटॅलोथायोनीन नावाचं छोटं प्रथिन असतं. साठेक मण्यांच्या माळेत वीस सिस्टीन! जड धातूंना पकडून ठेवणं हेच त्याचं काम. ग्लुटाथायोन नावाचा तीन मण्यांचा छोटा रेणूही असतो, त्यातही गंधक. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल.

या सगळ्यांतून वाट काढून जे थोडं प्लॅटिनम डीएनएपर्यंत पोचतं, ते डीएनएच्या दोन शेजारच्या पायऱ्या एकत्र धरतं. शिडी तिथे वाकते. वाकलेली जागा ओळखणारी प्रथिनं तिथे जाऊन बसतात, दुरुस्ती करणारीही धावतात. दुरुस्ती जमली नाही तर पेशी स्वतःला संपवते. आपल्याला हवं असतं ते हेच.

मुंबईतल्या अभ्यासांनी काय दाखवलं

एवढं थोडंच प्लॅटिनम पोचत असेल तर उपयोग किती होणार, असं वाटेल. याचं उत्तर परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलने दिलं आहे. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर बऱ्याच पुढे गेलेल्या ८५० स्त्रियांचा तिथे अभ्यास झाला. २००३ ते २०११ या काळात त्यांना अभ्यासात घेतलं. अर्ध्या जणींना फक्त रेडिएशन, अर्ध्या जणींना रेडिएशनसोबत दर आठवड्याला सिसप्लॅटिन. निकाल २०१८ मध्ये छापून आला. पाच वर्षांनी कॅन्सर न उलटता असलेल्यांचं प्रमाण नुसत्या रेडिएशनमध्ये ४३.८ टक्के, सिसप्लॅटिन जोडल्यावर ५२.३ टक्के. जिवंत असलेल्यांचं प्रमाण ४६ वरून ५४ टक्क्यांवर गेलं. म्हणजे शंभर जणींमागे आठ जणी जास्त. आठ घरं, असं म्हणून बघा.

दुसरा अभ्यास तोंड-घशाच्या, म्हणजे डोकं आणि मानेच्या भागातल्या कॅन्सरचा. तंबाखू, गुटखा, मिश्रीमुळे हा आजार आपल्याकडे किती आहे, ते वेगळं सांगायला नको. टाटामध्येच ३०० रुग्णांत तुलना केली. एका गटाला रेडिएशनबरोबर दर आठवड्याला थोडं थोडं सिसप्लॅटिन, शरीराच्या क्षेत्रफळाच्या दर चौरस मीटरला ३० मिलिग्रॅम. दुसऱ्या गटाला तीन आठवड्यांतून एकदा मोठा डोस, १०० मिलिग्रॅम. दोन वर्षांनी त्या भागातला आजार आटोक्यात असलेले रुग्ण पहिल्या गटात ५८.५ टक्के आणि दुसऱ्या गटात ७३.१ टक्के होते. पण त्याची किंमतही होती. गंभीर त्रास पहिल्या गटात ७१.६ टक्के रुग्णांना झाला, दुसऱ्या गटात ८४.६ टक्क्यांना.

पुढे जपानमध्ये ऑपरेशननंतरच्या रुग्णांत आठवड्याला ४० मिलिग्रॅम दिल्यावर तो मार्गही मोठ्या डोसपेक्षा कमी पडला नाही. त्यामुळे ‘मोठा डोसच चांगला’ असं आपण घरी ठरवायचं नाही. या फरकांना प्रथिनं हे एकच कारण आहे, असंही नाही. पण एक गोष्ट नक्की कळते. किती मिलिग्रॅम, किती दिवसांनी, किती वेळात, याला जीवनमरणाइतकं महत्त्व आहे. ‘या वेळची केमो लग्नानंतर घेऊ’ असं परस्पर ठरवण्याआधी हे आठवा.

किडनी आणि कान

जे प्लॅटिनम बाहेर पडतं, ते मुख्यतः किडनीतून. किडनीच्या नलिकांमधल्या पेशींत सिसप्लॅटिनला आत ओढून घेणारं एक प्रथिन असतं. त्यामुळे तिथे औषध साचतं आणि पेशी दुखावतात. मॅग्नेशियमही लघवीतून निसटून जातं. केमोच्या आधी आणि नंतर सलाईन चढवतात, मॅग्नेशियम देतात, क्रिएटिनिन बघतात, ते यासाठी. अंग दुखतंय म्हणून घरातली पेनकिलर मनाने देऊ नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांचा भार किडनीवरच पडतो.

दुसरी जागा म्हणजे कान. ऐकण्याच्या नाजूक अवयवात, आतल्या शंखात, गेलेलं प्लॅटिनम तिथून निघायचं नाव घेत नाही. महिने, वर्षं तिथेच राहतं, असं २०१७ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं. म्हणून कानात गुणगुण होत असेल, टीव्हीचा आवाज वाढवावा लागत असेल, तर ‘वयामुळे असेल’ म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना लगेच सांगा.

लहान मुलांच्या बाबतीत हे फारच महत्त्वाचं. इथे गंधकच मदतीला आलं आहे. यकृताचा एक प्रकारचा कॅन्सर असलेल्या मुलांना सिसप्लॅटिन देऊन झाल्यावर सहा तासांनी सोडियम थायोसल्फेट दिलं. या औषधात गंधक असतं. ते मोकळ्या प्लॅटिनमला पकडतं. ऐकू कमी येण्याचं प्रमाण ६३ टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर आलं. हा निकाल २०१८ चा. २०२२ मध्ये अमेरिकेत, कॅन्सर शरीरात पसरलेला नसलेल्या मुलांसाठी, या औषधाला मंजुरीही मिळाली. त्यातले सहा तास बघा. आधी प्लॅटिनमला गाठीवर काम करू द्यायचं, मग गंधक आणायचं. एकत्र दिलं असतं तर मुलाच्या कानाबरोबर गाठीचाही बचाव होण्याची भीती होती.

म्हणून हे विचारून घ्या

आता ग्लुटाथायोनकडे येऊ. तुमच्या फोनवर गोरेपणाच्या, ‘स्किन ग्लो’च्या जाहिराती येत असतील, त्यात हे नाव दिसेल. शिवाय ‘डिटॉक्स’, ‘अँटिऑक्सिडंट’, एन-ॲसिटिल-सिस्टीन अशी नावं. एरवी ती कुणी घेत असेल. पण प्लॅटिनमची केमो चालू असताना गंधकाचं असं पूरक औषध आपल्या मनाने घेणं किंवा प्रेमाने आणून देणं टाळा. थायोसल्फेटसाठी डॉक्टर जर घड्याळ लावून बसतात, तर आपण ‘नुकसान तर काही नाही ना’ म्हणून कसं चालेल? घेतल्याने केमो फुकटच जाते, असं मी म्हणत नाही. विचारल्याशिवाय नको, एवढंच म्हणते. काढे, चूर्णं, भस्मं यांनाही हाच नियम लावा. रोजच्या फोडणीतल्या लसणाबद्दल हे नाही.

‘मग डाळ, अंडी, पनीर बंद करायचं का? प्लॅटिनम त्याला चिकटेल ना?’ हा प्रश्न साहजिक आहे. उत्तर आहे, नाही. औषध थेट शिरेत जातं. जेवणातली प्रथिनं पोटात पचून सुट्या मण्यांत मोडतात. उलट केमोत शरीराला प्रथिनांची गरज असते. किती आणि कशातून, ते आहारतज्ज्ञ सांगतील. किडनी दुखावलेली असेल तर त्यांचं गणित वेगळं असतं.

तिन्ही भावांचे स्वभाव वेगळे आहेत, हेही लक्षात ठेवा. कार्बोप्लॅटिन आपले कोपरे हळू मोकळे करतं. त्यामुळे प्रथिनांना सावकाश चिकटतं. किडनी नीट असेल तर डोसमधलं जवळपास ७० टक्के प्लॅटिनम २४ तासांत लघवीतून निघून जातं. किडनीला ते सौम्य, पण प्लेटलेट कमी करतं. त्याचा डोसही किडनी कशी चालते त्यावरून काढतात. ऑक्सॅलिप्लॅटिनचं प्लॅटिनम रक्तातल्या प्रथिनांना तर धरतंच, लाल पेशींतही साचतं. त्या रुग्णाला काही दिवस थंड पाणी, फ्रीजमधली बाटली, एसीचा झोत सोसत नाही, बोटांना मुंग्या येतात. उन्हाळा असला तरी ‘जरा थंड ताक घे’ असा आग्रह करू नका.

पुढच्या केमोला जाताना हे प्रश्न एका कागदावर लिहून न्या:

१. आमच्या औषधात प्लॅटिनम आहे का? तिघांपैकी कोणतं?
२. घरी गेल्यावर दिवसाला किती पाणी प्यायचं? उलटीमुळे पाणी पोटात टिकलं नाही तर कुणाला फोन करायचा?
३. क्रिएटिनिन, मॅग्नेशियम आणि अल्ब्युमिन किती आहे? मागच्यापेक्षा बदल आहे का?
४. कानाची तपासणी करायची का?
५. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, काढे, पावडरी या आहेत. यातलं काय थांबवायचं?
६. केमोनंतर घरात लघवी, उलटी, कपडे यांची काळजी किती दिवस घ्यायची? साधारण ४८ तास हातमोजे वापरायला सांगतात. तुमच्या डॉक्टरांचं जे म्हणणं असेल ते पाळा.

केमो संपल्यावर प्लॅटिनम लगेच अंगातून जातं, असं नाही. सिसप्लॅटिनने बऱ्या झालेल्या माणसांच्या रक्तात दहा वर्षांनंतरही त्याचा अंश सापडला आहे. घाबरायचं कारण नाही, ती माणसं बरी होऊन इतकी वर्षं जगली, म्हणून तर तो सापडला. पण याचा एक अर्थ असा की जुनी केमोची फाइल रद्दीत टाकायची नाही. पाच वर्षांनी दुसऱ्या कुठल्या आजारासाठी नव्या डॉक्टरांकडे गेलात, तरी ‘मला सिसप्लॅटिन दिलं होतं’ हे वाक्य आधी सांगा. किडनीची आणि कानाची पुढची काळजी त्या एका वाक्यावर ठरते.

आज संध्याकाळी घरातली ती फाइल काढा, औषधाचं नाव, डोस आणि तारीख फोनमध्ये टिपून ठेवा, आणि घरातल्या आणखी एकाला ती नोंद कुठे आहे ते दाखवून ठेवा.